‘टाळणे’साठी इंग्रजीत नेमका शब्द कसा निवडायचा: अव्हॉइड, इव्हेड, एस्केप, बायपास आणि बाकीचे

होमस्टे चालवणारे, मर्चंट नेव्हीच्या मुलाखतीला जाणारी पोरं, बँकेची नाहीतर एमपीएससीची तयारी करणारे, सगळ्यांच्या इंग्रजीत एक जागा हमखास अडते ती म्हणजे ‘टाळणे’. एकतर सगळीकडे अव्हॉइड टाकून मोकळं व्हायचं, नाहीतर समानार्थी शब्दांच्या यादीतून एखादा वजनदार दिसणारा शब्द उचलायचा, आणि तो भलताच अर्थ देऊन जातो. ‘मी नियमात बसून कर वाचवतो’ असं म्हणायचं असतं आणि लिहिलं जातं ‘आय इव्हेड टॅक्स’, म्हणजे स्वतःच्या सहीनं गुन्हा कबूल. या चुका होतात कारण शब्द आधी शोधला जातो आणि प्रसंग नंतर बघितला जातो, म्हणून खाली दिलेला क्रम तसाच्या तसा पाळा, मधली पायरी गाळू नका.

सुरू करण्याआधीची तयारी

तीन गोष्टी हाताशी ठेवा. एक वही, एक चांगली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी (मोबाईलवरची चालेल, पण उदाहरणांची वाक्यं देणारी हवी), आणि तुम्हाला खरंच लिहायचं असलेलं एक पूर्ण मराठी वाक्य. नुसता शब्द नको, पूर्ण वाक्य. ‘टाळणे म्हणजे काय’ असं शोधलंत तर वीस शब्द समोर येतील आणि त्यातला कुठला घ्यायचा ते कळणार नाही. ‘पोलिसांनी प्रश्न विचारला आणि त्याने उत्तर द्यायचं टाळलं’ एवढं लिहिलंत की अर्धं काम झालंच.

समानार्थी शब्दांची यादी सध्या बंद ठेवा. ती शेवटी उघडायची, आणि तीही फक्त पडताळायला.

१. आधी मराठी क्रियापद नेमकं करा

आपल्याकडे ‘टाळणे’ हा ढोबळ शब्द आहे, पण त्याच्या आजूबाजूला मराठीत इतकी नेमकी क्रियापदं आहेत की ती वापरली की इंग्रजी शब्द जवळजवळ आपोआप सापडतो. वाक्यातला ‘टाळणे’ खोडा आणि त्या जागी यातलं काय बसतं ते बघा:

– प्रश्नाला बगल दिली: साइडस्टेप, डॉज
– गावाला वळसा घातला: बायपास, स्कर्ट
– पोलिसांना गुंगारा दिला: इव्हेड, किंवा बोलताना ‘गेव्ह देम द स्लिप’
– पावसानं हुलकावणी दिली: इल्यूड
– कामात अंग चोरलं: शर्क
– खर्चाला फाटा दिला: डिस्पेन्स विथ, डू अवे विथ
– क्लासला दांडी मारली: स्किप, बंक
– कायद्यातून पळवाट काढली: सर्कमव्हेंट, गेट अराउंड, पळवाट स्वतः म्हणजे लूपहोल
– टाळाटाळ केली: पुट ऑफ, स्टॉल
– टोलवाटोलवी केली: पास द बक

शेवटच्या दोन ओळी नीट बघा कारण अर्जात इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कचेरीत फेऱ्या मारून वैतागलेला माणूस लिहितो ‘द ऑफिस इज अव्हॉइडिंग माय ॲप्लिकेशन’. वाचणाऱ्याला वाटतं कचेरी अर्जापासून लांब पळतेय. म्हणायचं असतं की आज या उद्या या करतायत, तेव्हा ‘माय ॲप्लिकेशन हॅज बीन पुट ऑफ सेव्हरल टाइम्स’ असं लिहा. आणि या टेबलवरून त्या टेबलवर पाठवत असतील तर ‘आय ॲम बीइंग सेंट फ्रॉम वन डेस्क टू अनदर’, अगदी साधं. अर्जात ‘पास द बक’ लिहू नका, बोलायला ठीक आहे, कागदावर ते आरोपासारखं दिसतं.

*तपासा:* ‘टाळणे’च्या जागी ‘दुर्लक्ष करणे’ बसतंय का? बसत असेल तर शब्द इग्नोर आहे. ‘तो मला अव्हॉइड करतो’ हे आपण मराठीत दोन्ही अर्थांनी बोलतो, पण इंग्रजीत ‘ही अव्हॉइड्स मी’ म्हणजे मी जिथे असेन तिथे तो फिरकतच नाही, आणि ‘ही इग्नोर्स मी’ म्हणजे समोर येतो पण बघून न बघितल्यासारखं करतो.

२. वेळ बघा: व्हायच्या आधी, होता होता, की झाल्यावर?

इथे थोडा जास्त वेळ द्या, कारण अव्हॉइड, प्रिव्हेंट, अव्हर्ट, एस्केप हे चार शब्द एकमेकांच्या जागी टाकले जातात आणि चारही वेगळे आहेत.

*प्रिव्हेंट* म्हणजे ती गोष्ट घडूच नये अशी व्यवस्था करणं. *अव्हॉइड* म्हणजे ती गोष्ट असेल किंवा येत असेल, तुम्ही तिच्या वाटेत येत नाही. बोटीवर काम करणाऱ्यांना याचं उत्तम उदाहरण रोजच्या अभ्यासातच मिळतं. समुद्रात बोटींनी कसं चालायचं याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत १९७२ चे, त्यांच्या नावातच ‘फॉर प्रिव्हेंटिंग कोलिजन्स ॲट सी’ असं आहे, कारण सगळे नियम मिळून टक्कर होऊच नये अशी व्यवस्था करतात. पण त्याच नियमांतला आठवा नियम आहे ‘ॲक्शन टू अव्हॉइड कोलिजन’, म्हणजे समोर बोट दिसली, आता तुम्ही काय करायचं. पुढे पंधराव्या नियमात दुसऱ्या बोटीच्या पुढून जाऊ नका हे सांगताना शब्द आहेत ‘अव्हॉइड क्रॉसिंग अहेड’. ‘अव्हॉइड टू क्रॉस’ नाही. हे वाक्य पाठच करा, व्याकरणाचं काम पुढे सातव्या पायरीला येणारच आहे.

*अव्हर्ट* हा प्रिव्हेंटच्या जवळचा, पण संकट अगदी दाराशी आलेलं असताना शेवटच्या घडीला टळलं तर. आणि तो मोठ्या गोष्टींसाठी, दुर्घटना, संप, उपासमार अशा. ‘आय अव्हर्टेड द ट्रॅफिक’ असं होत नाही.

*एस्केप* मध्ये नशिबाचा भाग येतो किंवा अडकल्यावर सुटणं येतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा ‘मुंबई एस्केप्ड द वर्स्ट’ हे बरोबर, कारण मुंबईनं स्वतः काही केलं नव्हतं, तडाखा दुसरीकडे बसला. ‘मुंबई अव्हॉइडेड द सायक्लोन’ म्हटलं तर शहर उचलून बाजूला ठेवल्यासारखं होतं. आणि ज्या घरानं वादळ अंगावर घेतलं आणि तरी उभं राहिलं त्याला एस्केप म्हणायचं नाही, ‘द हाऊस सर्व्हाइव्ड द सायक्लोन’.

मग राहिलं *मिस*. एसटी चुकली म्हणजे ‘आय मिस्ड द बस’. मुद्दाम त्या गाडीनं गेलो नाही म्हणजे ‘आय अव्हॉइडेड दॅट बस’. मराठीत चुकणे आणि चुकवणे यांत जेवढा फरक आहे तेवढाच इथे आहे.

*सावधान:* जिवाला धोका असेल तिथे अव्हॉइड लिहू नका. ‘प्लीज अव्हॉइड स्विमिंग हिअर’ हे सल्ल्यासारखं वाचलं जातं, म्हणजे शक्यतो नको, पण उतरलात तर चालेल. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रासमोर असा बोर्ड लावणं बरं नाही. ‘डू नॉट एंटर द सी’ लिहा. यात उद्धटपणा काही नाही, पाहुण्याचा जीव महत्त्वाचा.

३. नियम आहे का? असेल तर मोडला, वाकवला, की लागूच नाही?

वाक्यात सरकार, कायदा, कर, बंदी, पोलीस यातलं काहीही असेल तर इथे थांबाच.

टॅक्स अव्हॉइडन्स म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून कर कमी करणं. टॅक्स इव्हेजन म्हणजे उत्पन्न लपवून, खोटं दाखवून कर बुडवणं, आणि तो गुन्हा आहे. आखाती देशांत असलेल्या आपल्या कोकणातल्या लोकांना डबल टॅक्सेशन अव्हॉइडन्स ॲग्रीमेंट हे नाव ओळखीचं असेल, त्यात अव्हॉइडन्स आहे कारण एकाच उत्पन्नावर दोन देशांत कर लागू नये यासाठीची ती सरळ, अधिकृत सोय आहे. आता अव्हॉइडन्स कायदेशीर म्हणजे सगळंच चालतं असंही समजू नका. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून जनरल अँटी-अव्हॉइडन्स रूल्स लागू आहेत, म्हणजे मुख्य हेतू कर वाचवणं एवढाच ठेवून कागदोपत्री रचलेला व्यवहार कर खातं नाकारू शकतं. तरीही शब्द म्हणून फरक तोच राहतो, इव्हेजनमध्ये लपवाछपवी आहे.

दुसरं उदाहरण मासेमारीचं घेऊ. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. आता चार माणसं धरा:

बंदी असताना उघडउघड ट्रॉलर घेऊन बाहेर पडला: ‘ही फ्लाउटेड द बॅन’ किंवा ‘व्हायोलेटेड’. इथे टाळण्याचा संबंधच नाही, सरळ मोडलाय.

बाहेर पडला आणि गस्ती नौकेला सापडला नाही: ‘ही इव्हेडेड द पेट्रोल’.

कागदावर बोट बिगरयांत्रिक दाखवली आणि बाहेर जाऊन इंजिन लावलं: ‘ही ट्राइड टू सर्कमव्हेंट द बॅन’. नियमाचे शब्द पाळल्यासारखं दाखवून हेतू हाणून पाडला, सर्कमव्हेंट म्हणजे हेच.

खरोखरच वल्ह्याच्या छोट्या होडीतून जातो: त्याला बंदी लागूच नाही, तर तो काही टाळतही नाही. ‘हिज बोट इज एक्झेम्प्ट’. पारंपरिक मच्छीमारांची निवेदनं लिहिताना हा शब्द चुकवू नका, कारण ‘आमच्या होड्यांना यातून सूट आहे’च्या जागी ‘वुई अव्हॉइड द बॅन’ गेलं तर निवेदनाचा सगळा जोरच जातो.

*तपासा:* तुमच्या वाक्यातल्या माणसाला कोणी पकडून जाब विचारू शकतं का? हो असेल तर इव्हेड किंवा सर्कमव्हेंट. नाही असेल तर अव्हॉइड, आणि नियम लागूच नसेल तर एक्झेम्प्ट.

४. वाट, घाट आणि अडचणीचे प्रश्न

रस्त्याचे शब्द आपल्याला गाडीवरच कळतात, म्हणून इथे झटपट. कशेडीचा बोगदा घाटाला बायपास करतो, ‘द टनेल बायपासेस द घाट’. झाराप-पत्रादेवी रस्ता सावंतवाडी शहराला बायपास करतो. आरे-वारेचा रस्ता समुद्राच्या कडेकडेनं जातो, तो बायपास नव्हे, ‘द रोड स्कर्ट्स द सी’. करूळ घाट बंद म्हणून फोंडा घाटातून आलात तर ‘वुई टुक अ डिटूर’. रस्त्यावर बोर्ड लावलेला असतो तो डायव्हर्जनचा, आणि तुम्ही घेता तो डिटूर. बाईकवरून ऐनवेळी खड्डा चुकवला तर डॉज, कारण डॉजमध्ये झटका आहे, चपळाई आहे. खडकाळ जागेपासून बोट चांगली लांबून न्यायची तर ‘गिव्ह द रॉक्स अ वाइड बर्थ’, हा वाक्प्रचार मुळातच बोटींचा आहे आणि माणसांसाठीही चालतो.

हेच शब्द बोलण्यासाठीही वापरतात आणि तिथे छटा बदलते. डॉज द क्वेश्चन म्हणजे उत्तर द्यायची वेळ आली आणि चुकवलं. साइडस्टेप म्हणजे जरा सफाईनं, विषय हळूच दुसरीकडे नेला. स्कर्ट अराउंड द इश्यू म्हणजे बोलला भरपूर पण कडेकडेनंच, गाभ्याला हात नाही. बायपास द क्वेश्चन मात्र ऐकायला विचित्र लागतं. बायपास माणसाला किंवा टप्प्याला होतो: ‘ही बायपास्ड द मॅनेजर’ म्हणजे मॅनेजरला न विचारता थेट वर गेला.

५. माणसं, खाणं, सवयी

श्रावणात मासे खात नाही हे पाहुण्याला कसं सांगायचं? ‘वुई अव्हॉइड फिश’ म्हटलंत तर त्याला वाटेल डॉक्टरनं सांगितलंय किंवा आवडत नाही. ‘वुई डोन्ट ईट फिश ड्युरिंग श्रावण’, संपलं. जरा औपचारिक हवं तर ‘वुई अब्स्टेन फ्रॉम फिश’. ठरवून, व्रत म्हणून स्वतःला रोखणं म्हणजे अब्स्टेन. मतदान न करणं यालाही हाच शब्द. रिफ्रेन हा एखादी कृती त्या वेळेपुरती न करण्यासाठी: ‘प्लीज रिफ्रेन फ्रॉम स्मोकिंग इन द रूम’. डॉक्टरनं तेलकट टाळा सांगितलं तिथे मात्र अव्हॉइडच हवा, तिथे तो अगदी बरोबर बसतो.

एस्च्यू नावाचा एक शब्द परीक्षेच्या याद्यांत असतो, अर्थ तत्त्व म्हणून वर्ज्य करणं, जसं हिंसा. उतारा वाचताना कळायला हवा, पण स्वतःच्या बोलण्यात आणू नका, गेस्टशी बोलताना तो फार पुस्तकी वाटतो.

माणसांच्या बाबतीत शन म्हणजे एखाद्यापासून ठरवून दूर राहणं, प्रसिद्धीपासून लांब राहणाऱ्यालाही हाच. पण गावकीनं एखाद्या घराला वाळीत टाकलं तर शन अपुरा पडतो, तो प्रकार बॉयकॉट किंवा ऑस्ट्रसाइझ. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याच्या इंग्रजी नावातही सोशल बॉयकॉट असेच शब्द आहेत. अशी तक्रार इंग्रजीत लिहायची वेळ आली तर ‘द व्हिलेजर्स अव्हॉइड अस’ कधीही लिहू नका, ते रुसव्याफुगव्यासारखं वाटतं आणि ज्या घराशी बोलणं-चालणं, लग्नकार्य, पाणवठा सगळं तोडलंय त्याचं दुःख त्यात कुठेच येत नाही. ‘अवर फॅमिली हॅज बीन सोशली बॉयकॉटेड’ असंच लिहा, कायद्याचा शब्द तोच आहे.

६. कर्ता उलटा असेल तर इल्यूड

हा शब्द अडतो कारण यात माणूस काही टाळत नाही, ती गोष्टच माणसाच्या हाती लागत नाही. झोप लागेना: ‘स्लीप इल्यूडेड मी’. नाव आठवेना: ‘हिज नेम इल्यूड्स मी’. यंदा बांगडा जाळ्यात आलाच नाही: ‘मॅकरेल हॅज इल्यूडेड अवर नेट्स’. मराठीत हुलकावणी चालत असेल तर डोळे झाकून इल्यूड.

*सावधान:* अल्यूड वेगळा, त्याचा अर्थ आडून उल्लेख करणं, आणि त्याच्यामागे टू लागतो. तसंच इल्यूसिव्ह आणि इव्हेझिव्ह. खाडीतलं पाणमांजर इल्यूसिव्ह, सहसा दिसत नाही. सरळ उत्तर न देणारा माणूस इव्हेझिव्ह.

७. शब्द ठरला, आता मागे काय जोडायचं

बरोबर शब्द निवडून इथे मार्क गमावणारे खूप आहेत.

अव्हॉइडच्या मागे नाम किंवा आयएनजीचं रूप. टू नाही, फ्रॉम नाही. ‘अव्हॉइड गोइंग’. इव्हेडलाही तेच.

रिफ्रेन आणि अब्स्टेनला फ्रॉम हवाच.

प्रिव्हेंटमध्ये मधे माणूस येतो: ‘प्रिव्हेंट देम फ्रॉम गोइंग’.

एस्केप जागेतून असेल तर फ्रॉम, ‘एस्केप्ड फ्रॉम जेल’. शिक्षा, मृत्यू, लक्ष यांतून असेल तर फ्रॉम नाही, ‘एस्केप्ड पनिशमेंट’.

आणि गेटचं कुटुंब, जे वेगळं पाठ करावं लागतं. गेट अराउंड अ रूल म्हणजे नियमातून वाट काढणं. त्यालाच टू लागला, गेट अराउंड टू, की अर्थ पार बदलतो, एखाद्या कामाला शेवटी सवड मिळणं: ‘आय नेव्हर गॉट अराउंड टू पेंटिंग द बोट’. गेट आउट ऑफ म्हणजे नको असलेल्या कामातून अंग काढून घेणं. गेट अवे विथ म्हणजे केलं आणि शिक्षाही झाली नाही.

अपरिहार्य कारणामुळे कार्यक्रम रद्द, याला ‘ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस’. इनएव्हिटेबल तिथे नको, तो अटळ या अर्थानं, म्हातारपण, मरण अशा गोष्टींसाठी.

८. एक खरं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा मालवणच्या बाजूला होमस्टे आहे आणि जूनच्या पाहुण्यांना मेसेज पाठवायचाय. पहिला मसुदा साधारण असा येतो:

‘प्लीज अव्हॉइड टू गो इन सी. इफ करूळ घाट क्लोज्ड, अव्हॉइड बाय फोंडा. व्हेन लाइट गोज, अव्हॉइड गीझर. वुई अव्हॉइड नॉनव्हेज ऑन संकष्टी. इफ यू अव्हॉइड टू कम, ॲडव्हान्स इज नॉट रिटर्न.’

पाच वाक्यं, पाच वेळा एकच शब्द. आता एकेक सोडवा.

पहिलं वाक्य धोक्याचं, म्हणून अव्हॉइड बाहेर: ‘प्लीज डू नॉट गो इन्टू द सी इन जून.’

दुसऱ्यात वळसा आहे: ‘इफ करूळ घाट इज क्लोज्ड, टेक द डिटूर व्हाया फोंडा घाट.’

तिसऱ्यात इन्व्हर्टरवर ताण येऊ नये म्हणून नम्र विनंती आहे, धोका नाही, गीझर पूर्ण बंदही नाही. इथे मूळ शब्द टिकतो, फक्त रूप सुधारायचं: ‘ड्युरिंग पॉवर कट्स, प्लीज अव्हॉइड यूझिंग द गीझर.’

चौथं घरातला नियम आहे: ‘वुई डोन्ट सर्व्ह नॉनव्हेज ऑन संकष्टी.’ सर्व्ह लिहिलं की पाहुण्याला कळतं की बाहेर जाऊन खायला हरकत नाही.

पाचव्यात तर टाळणंच नाही, रद्द करणं आहे: ‘इफ यू कॅन्सल, द ॲडव्हान्स कॅनॉट बी रिफंडेड.’ ‘अव्हॉइड टू कम’ वाचून पाहुणा विचार करत बसतो की आपल्याला येऊ नका म्हणतायत की काय.

आता हा मेसेज मोठ्यानं वाचा, आणि जमलं तर घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला ऐकवा आणि विचारा, यातलं काय करायचंच नाही, काय शक्यतो करू नये आणि काय आम्ही स्वतः करत नाही. तिन्ही उत्तरं बरोबर आली तर पाठवून द्या. एखादं चुकलं तर त्या एकाच वाक्यासाठी परत पहिल्या पायरीवर या, बाकीची चार वाक्यं पुन्हा उसवत बसू नका.